बारा इंचांचा काळा

मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडच्या 'अननोन प्लेझर्स' या अल्बमचं कव्हर टी-शर्टांमुळे इतकं ओळखीचं झालंय, की छपाईचं काम म्हणून त्याच्याकडे आता कुणी बघत नाही. १९७९ च्या मूळ कव्हरवर पुढच्या बाजूला बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही, फोटो तर नाहीच. पोत असलेल्या बोर्डावर सलग काळा, आणि मधोमध, अपेक्षेपेक्षा बरंच लहान, पांढऱ्या रेघांचं एक चित्र. एका पल्सारचे (ठरावीक अंतराने रेडिओ-ठोके पाठवणाऱ्या ताऱ्याचे) लागोपाठचे ८० स्पंद एकाखाली एक मांडलेले. हा पल्सार जोसेलिन बेल यांना १९६७ साली केंब्रिजमध्ये सापडला, दर १.३३७ सेकंदांनी त्याचा एक ठोका येतो. आलेख हॅरल्ड क्राफ्ट यांच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या १९७० च्या प्रबंधातला. तिथून तो खगोलशास्त्राच्या एका ज्ञानकोशात गेला आणि ज्ञानकोशातून बँडने उचलला. (आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना असेच ठोके टिपत असतात. तिथल्या कुणाच्या अंगावर हा टी-शर्ट असेल, तर निदान त्याला त्यावर काय छापलंय ते ठाऊक असेल.)

ज्ञानकोशात रेघा काळ्या होत्या आणि कागद पांढरा. बँडच्या रेकॉर्ड काढणाऱ्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या लेबलचा डिझायनर पीटर सॅव्हिल याने ते उलटं केलं. या निर्णयाचं कौतुक बहुतेक वेळा सौंदर्याच्या अंगाने होतं. प्रेसच्या बाजूने पाहिलं तर त्यात धोका होता आणि मोठी सोयही होती. दोन्हींचं कारण एकच, काळी शाई. इंडी (छोट्या, स्वतंत्र लेबलांच्या) रॉकच्या कव्हरांवर काळा इतका का दिसतो, याचं उत्तर देताना लोक उदासीनता, मँचेस्टरचं आभाळ वगैरे सांगतात. मला वाटतं, काळा हा सगळ्यात स्वस्त रंग होता, हे उत्तर आधी द्यावं आणि मग आभाळाकडे वळावं.

धोका असा. छापताना शाई थोडी पसरतेच. पांढऱ्यावर काळी रेघ छापली तर ती किंचित जाड होते, कुणाला कळत नाही. तीच रेघ रिव्हर्समध्ये टाकली, म्हणजे काळ्यात पांढरी सोडली, की दोन्ही बाजूंनी शाई आत सरकते. रेघ बारीक होते आणि मध्येच तुटते. त्यामुळे रिव्हर्समध्ये जाणारी रेघ मुळातच जाड काढावी लागते. आर्ट पेपरवर किमान अर्धा पॉइंट, म्हणजे ०.१८ मिलिमीटर, न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर, त्याच्या दुप्पट. अक्षरांचंही तसंच. बोडोनीसारख्या टाइपात उभा दांडा जाड आणि आडवी रेघ केसासारखी असते. असा टाइप लहान आकारात रिव्हर्स केला की दांडे उरतात आणि शब्द गायब होतो. देवनागरीत तर अनुस्वार आधी बुजतो, मग 'ष'चं पोट भरतं. कुठल्याही जुन्या दिवाळी अंकातल्या काळ्या पट्टीवरच्या जाहिराती भिंगाखाली धरल्या तर हे सगळं तिथे दिसतं.

मोठा सलग काळा ही तर वेगळीच डोकेदुखी. बारा इंची रेकॉर्डचं कव्हर सुमारे ३१५ मिलिमीटर चौरस असतं. पुढची बाजू, मागची बाजू आणि कणा धरला तर एका शीटवर साठ सेंटिमीटरहून अधिक रुंदीचा काळा पट्टा छापायचा असतो. रोलरवर तेवढी शाई एकसारखी टिकत नाही. पट्ट्याच्या सुरुवातीला काळा दाट आणि शेवटाकडे फिका पडतो. मध्ये पांढरी आकृती असेल तर तिच्या सरळ रेषेत पुढे पुसटशी सावली उमटते, कारण आकृतीच्या जागी रोलरची शाई खर्च झालेली नसते आणि ती पुढे उतरते. शिवाय कागदाची धूळ बसून बारीक पांढरे ठिपके राहतात. एकट्या काळ्या शाईचा काळा भर उजेडात गडद करडाच दिसतो, हे आणखी वेगळं.

उपाय तीन. एक, काळा दोनदा छापायचा. दोन, काळ्याखाली चाळीस टक्के निळा द्यायचा. काळा खोल आणि थंड दिसतो. तीन, चारही रंग मिळून काळा करायचा, साधारण निळा ६०, किरमिजी ४०, पिवळा ४० आणि काळा १००. बेरीज २४०. चांगल्या बोर्डावर ही बेरीज ३०० पर्यंत चालते, त्यापुढे शाई वाळत नाही आणि गठ्ठ्यातल्या वरच्या शीटच्या पाठीला लागते. नवखा माणूस स्क्रीनवर काळा दिसतोय म्हणून चारही शंभर ठेवतो. प्रेसवाला मग फोन करतो, किंवा करत नाही आणि शीटं एकमेकांना चिकटतात. चौरंगी काळ्यात पांढरी बारीक अक्षरं टाकली तर आणखी एक संकट असतं. चार प्लेटांपैकी एक जरी दशांश मिलिमीटर हलली, तरी अक्षराच्या एका कडेला निळी किंवा गुलाबी किनार येते. म्हणून खालचे रंग अक्षराच्या कडेपासून ०.१ ते ०.१५ मिलिमीटर मागे घ्यायचे. कड फक्त काळ्या प्लेटने ठरवायची. याउलट, काळ्यातली पांढरी नव्हे तर कागदावरची काळी अक्षरं नेहमी एकट्या काळ्यातच. सहा पॉइंटची श्रेयनामावली चार रंगांत गेलेली कव्हरं अजूनही येतात, आणि ती वाचताना डोळे चोळावेसे वाटतात.

सॅव्हिलच्या कव्हरची सोय इथे लक्षात येते. एक शाई, एक प्लेट. रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) हलायला दुसरा रंगच नाही. बोर्डाच्या पोतामुळे ठिपके आणि बोटांचे ठसे झाकले जातात. आतलं इनर स्लीव्ह मात्र पांढरं, त्यावर राल्फ गिब्सनचा एक फोटो. रेकॉर्डच्या दोन बाजूंनाही 'आउटसाइड' आणि 'इनसाइड' अशी नावं. काळ्यातून पांढरं बाहेर काढण्याची हाताची हालचालसुद्धा डिझाइनमध्ये धरलेली आहे.

छापून झाल्यावर काळ्याचे हाल संपत नाहीत, दुकानात सुरू होतात. खोक्यात रेकॉर्ड दाटीने लावल्या की आतल्या तबकडीची कड बोर्डावर दाब देते आणि कव्हरवर पांढुरकं वर्तुळ उमटतं. फिक्या कव्हरवर ते खपून जातं, काळ्यावर दुरून दिसतं. घडीवर शाई तडकून बोर्डाचे पांढरे तंतू बाहेर येतात. त्यासाठी बोर्डाचा ग्रेन (तंतूंची दिशा) कण्याला समांतर घ्यायचा, घडी घालण्याआधी क्रीझिंग करायचं (घडीच्या जागी दाबून खाच पाडायची) आणि जमल्यास लॅमिनेशन. ग्लॉसवर ओरखडे दिसतात, मॅटवर बोटं. बोर्डाच्या खडबडीत, अनकोटेड बाजूवर छापायचं असेल (अनेक इंडी लेबलांचा हा लाडका प्रकार) तर काळा शोषला जाऊन मातकट होतो, वाळायला वेळ घेतो आणि हाताला लागतो. हा मातकटपणा हवा असेल तर उत्तम. पण बँडला प्रूफ चकचकीत कागदावर दाखवलेलं असेल, तर भांडण ठरलेलं.

कण्याबद्दल एकच सांगतो. एका तबकडीच्या कव्हरचा कणा तीनेक मिलिमीटर, आणि घडी एक मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. त्यामुळे रंगाचा बदल बरोबर कण्याच्या कडेवर ठेवू नये. पुढचा किंवा मागचा रंग कण्यावरून सरळ वळवून न्यावा आणि कण्यावरची अक्षरं दोन मिलिमीटरपेक्षा उंच करू नयेत.

आता पैशांकडे. या सगळ्या इंडी चळवळीचा पाया हिशेबाचा आहे, आणि काही बँडनी तो हिशेब कव्हरवरच छापला. स्क्रिटी पोलिटीने १९७८ च्या पहिल्या सिंगलच्या कव्हरवर रेकॉर्ड काढायला काय खर्च आला त्याची यादीच दिली. त्याआधी, जानेवारी १९७७ मध्ये, मँचेस्टरच्या बझकॉक्सनी स्वतः काढलेल्या ईपीवर (छोट्या रेकॉर्डवर) कुठलं गाणं कितव्या टेकला झालं ते लिहिलं होतं. पुढचा फोटो एक साधा पोलरॉइड. त्याच बँडच्या त्याच वर्षीच्या एका सिंगलसाठी डिझायनर माल्कम गॅरेटने चित्रकर्ती लिंडरचं कोलाज पिवळ्यावर निळ्यात छापलं. दोन शाया, आणि दुकानाच्या भिंतीवर चाररंगी कव्हरांच्या रांगेत तेच आधी दिसेल. रफ ट्रेडने काढलेल्या द स्मिथ्सच्या कव्हरांचंही गणित जवळपास हेच. जुन्या सिनेमातला एखादा नट, एक रंगछटा, एका ओळीचं नाव.

हिशेब बिघडल्याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे न्यू ऑर्डरचं 'ब्लू मंडे', १९८३, फॅक्टरीचा क्रमांक फॅक ७३. सव्वापाच इंची फ्लॉपी डिस्कसारखं कव्हर, त्यात डाय मारून पाडलेली भोकं, भोकांतून दिसणारं चंदेरी इनर. बँडचं नाव उजव्या कडेच्या रंगीत चौकोनांच्या सांकेतिक लिपीत. ती उलगडण्याचं चक्र दुसऱ्याच अल्बमच्या पाठीवर. प्रत्येक प्रतीमागे लेबलला तोटा व्हायचा असं सांगतात. किती, ते प्रत्येक सांगणारा वेगळं सांगतो. कारण मात्र सरळ आहे. प्रत्येक डाय पंच म्हणजे शीट पुन्हा एकदा मशीनवर चढवणं. मजुरी वाढते, रद्दी वाढते, आणि भोकाच्या कोपऱ्याला बोर्ड फाटतो. पुढच्या खेपांना भोकं गेली. फॅक्टरीनेच १९८० मध्ये द दुरुत्ती कॉलमचा अल्बम सँडपेपरच्या कव्हरात काढला होता. कल्पना सिच्युएशनिस्ट या बंडखोर कलावंतांच्या एका पुस्तकाची. शेजारच्या रेकॉर्डी खरवडाव्यात हा हेतू. सँडपेपर चिकटवायला जॉय डिव्हिजनची मंडळी बसली होती.

कव्हराविषयी इतकं लिहिलं जातं, पण बहुतेक लोकांनी ते आधी पाहिलं ते एनएमई, मेलडी मेकर किंवा साउंड्सच्या आतल्या पानावर. ही ब्रिटिश संगीत-साप्ताहिकं न्यूजप्रिंटवर निघायची आणि आतली बहुतेक पानं एकरंगी. माझ्या मते, इंडी डिझायनरची खरी परीक्षा या पाव पानाच्या जाहिरातीत आहे.

न्यूजप्रिंट हा ४५-४८ जीएसएमचा, करडट, शाई पिणारा कागद. आर्ट पेपरवर फोटो १३३ किंवा १५० लाइन स्क्रीनने (इंचाला डॉटच्या इतक्या रांगा) जातो, इथे ८५ ने. प्रत्येक डॉट पसरतो, आणि मधल्या छटांत ही वाढ तीस टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे फिल्मवर ५० टक्के असलेला करडा कागदावर ८० होतो, चेहऱ्याची सावली थेट काळी पडते. काळाही पुरा काळा होत नाही: चांगल्या बोर्डावर काळ्याची घनता (शाईच्या गडदपणाचं माप) १.६ च्या वर, इथे सुमारे १.१. वरून पांढराही मळका. उजेड आणि अंधार, दोन्ही टोकांनी जागा कमी झालेली.

म्हणून कव्हरचा फोटो नुसता ब्लॅक अँड व्हाइट करून पाठवला तर चिखल छापून येतो. पन्नास टक्क्यांच्या जागी साधारण तीस टक्के ठेवावं. सगळ्यात गडद सावली ८५-९० टक्क्यांवर थांबवावी, त्यापुढे डॉट भरून जातात. सगळ्यात उजळ जागी तीनेक टक्के डॉट ठेवावा, नाहीतर कपाळाला भोक पडल्यासारखं दिसतं. कॉन्ट्रास्ट मधल्या छटांत वाढवावा आणि कडा स्क्रीनवर जरा जास्तच वाटतील इतक्या तीक्ष्ण कराव्यात. रंगीत कव्हरवर लाल अक्षरं हिरव्या पार्श्वभूमीवर असतील तर आणखी एक विचार हवा. दोन्हींचा उजळपणा सारखा असला की करड्यात दोन्ही एकच होतात आणि बँडचं नाव नाहीसं होतं. अशा वेळी तिन्ही चॅनेल वेगवेगळे पाहून ज्यात दोन रंग दूर जातात तो निवडावा, किंवा अक्षरं पुन्हा स्वतंत्र लावावीत. दुसरा मार्गच खरा.

सलग काळी जाहिरात या कागदावर मोहात पाडते. पान उलटताना नजर तिथेच थांबते. पण काळा मागच्या पानावर दिसतो, समोरच्या पानाला लागतो आणि वाचणाऱ्याच्या अंगठ्यालाही. रिव्हर्समधली अक्षरं नऊ पॉइंटच्या खाली, आणि ठळक सॅन्स (टोकांना शेपट्या नसलेला टाइप) वगळता दुसऱ्या टाइपात, टाकू नयेत. 'अननोन प्लेझर्स'सारखं रेषाचित्र इथे जिंकतं, कारण त्यात स्क्रीन लागतच नाही. तेच आर्टवर्क, फक्त रेघा जाड. ज्या कव्हरची जाहिरात करताना वेगळं डोकं लढवावं लागत नाही, ते कव्हर निम्मं काम करून बसलेलं असतं.

जाहिरातीत काय घालायचं यावर लेबल आणि डिझायनर यांची कायम ओढाताण. पाव पानात बँडचं नाव, रेकॉर्डचं नाव, प्रकार (एलपी, कॅसेट, पुढे सीडी), कॅटलॉग क्रमांक, लेबल आणि वितरक एवढं हवंच. कॅटलॉग क्रमांक सजावटीसाठी नसतो. दुकानदार त्यावरून मागणी नोंदवतो, एक आकडा चुकला तर भलतीच रेकॉर्ड येते. दौऱ्याच्या तारखा असतील तर त्या तक्त्यात, तारीख-शहर-जागा याच क्रमाने, आणि तक्ता शक्यतो जाहिरातीच्या तळाशी वेगळा चिकटवलेला. कारण तारखा बदलतात, आणि बदलतात त्या आर्टवर्क गेल्यावरच. तक्ता सुटा असला की तेवढाच तुकडा पुन्हा टाइपसेट होतो. परीक्षणांतली अवतरणं दोनपेक्षा जास्त घेऊ नयेत. लेबलला पाच हवी असतात.

रेषांच्या या कोरड्या जगाच्या दुसऱ्या टोकाला लंडनचं फोरएडी लेबल आणि त्याचा डिझायनर वॉन ऑलिव्हर (१९५७-२०१९). आधी छायाचित्रकार नायजेल ग्रिअरसनबरोबर २३ एन्व्हलप या नावाने, नंतर व्ही२३. त्याची कव्हरं म्हणजे सावल्याच सावल्या, तपकिरी, ओलसर, त्यावर विचित्र अंतरांनी मांडलेली अक्षरं. पिक्सीजच्या १९८८ च्या 'सर्फर रोझा'वरचा फ्लॅमेंको नर्तिकेचा फोटो सायमन लार्बलेस्टिएरचा. तो लेबलच्या ऑफिससमोरच्या एका पबात काढला. पुढच्या वर्षीच्या 'डूलिटल'च्या वेळी गाण्यांचे शब्द आधीच हाती होते, त्यामुळे फोटो गाण्यांना धरून काढता आले. कव्हरवरचं माकड, त्याच्या डोक्यामागचं वलय आणि चौकटीवरचे आकडे एका गाण्यातूनच आलेत. डिझायनरला गाणी न ऐकवता, शब्द न देता कव्हर मागण्याची पद्धत आजही आहे. त्यातून जे येतं ते कुठल्याही बँडला चालेल असं असतं. ऑलिव्हरची खोल सावली बोर्डावर राहते ती महागड्या छपाईमुळे. न्यूजप्रिंटवर तिचं काही चालत नाही, तिथे अक्षरांना पुढे यावं लागतं. त्याच्या अक्षरांकडे चित्र म्हणून बघायला लोक शिकले, त्यात या कागदाचाही हात असावा असा माझा अंदाज आहे.

हे सगळं संगणकाआधीचं. पांढऱ्या बोर्डावर टाइपसेटिंगचे ब्रोमाइड (मजकूर उमटवलेले फोटोकागद) रबर सोल्युशनने चिकटवायचे, आखणी फिक्या निळ्या पेन्सिलने. प्रोसेस कॅमेऱ्याच्या ऑर्थो फिल्मला फिका निळा पांढराच वाटतो आणि लाल काळा. म्हणून फोटोच्या जागी रुबीलिथची लाल फिल्म कापून लावायची; कॅमेऱ्याला तिथे काळा चौकोन दिसतो, निगेटिव्हवर स्वच्छ खिडकी तयार होते आणि तिच्यात स्क्रीन केलेला फोटो बसवतात. वर ट्रेसिंग पेपर आणि त्यावर सूचना: हे रिव्हर्स, हा १५ टक्के टिंट, हा अमुक पँटोन. कातरलेल्या ब्रोमाइडच्या कडेची सावली फिल्मवर बारीक पारदर्शक रेघ होऊन येते. ती निगेटिव्हवर ब्रशने बुजवायची राहिली, की हजारो प्रतींवर छापली जाते. जुन्या जाहिरातींत अक्षरांच्या ओळीखाली कारण नसताना दिसणारी केसाएवढी रेघ ती हीच.

सीडी आली आणि ३१५ मिलिमीटरचे १२० झाले. आडतीस टक्के. एलपीवरचा आठ पॉइंटचा मजकूर नुसता लहान केला तर तीन पॉइंटचा होतो, म्हणजे धूळ. घाईत निघालेल्या सीडींची पहिली लाट अशीच दिसते. प्रत्येक आकाराला मांडणी नव्याने करायची, एवढाच त्यावर उपाय, आणि त्याचे वेगळे पैसे मागायचे. बारकोडही याच सुमाराला सगळ्यांच्या मागे लागला. त्याचा पूर्ण आकार ३७.२९ गुणिले २५.९३ मिलिमीटर, ऐंशी टक्क्यांपर्यंत लहान चालतो. काळ्या कव्हरवर त्याला पांढरी पेटी द्यावी लागते आणि पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा. पेटी छोटी दिसावी म्हणून ही जागा कापली तर स्कॅनर वाचत नाही. पट्ट्या लाल केल्या तरी वाचत नाही, त्याचा प्रकाशच लाल असतो.

तबकडीच्या मधलं कागदी लेबल सगळे विसरतात. १०० मिलिमीटर व्यास, मध्ये सव्वासात मिलिमीटरचं भोक, आणि गोंद अजिबात नाही. गरम प्लास्टिक दाबताना कागद त्यातच बसतो. त्याआधी लेबलं भट्टीत सुकवतात, कारण ओल राहिली तर वाफ होऊन फोड येतात. कोटेड कागद इथे चालत नाही. काठोकाठ सलग काळं लेबल मागितलं तर प्रेसिंग प्लांटवाला नाराज होतो, आणि त्याचं बरोबर असतं: दाट शाई नीट सुकलेली नसली की उष्णतेने काळा उतरतो, कधी स्टँपरलाच, म्हणजे रेकॉर्ड दाबायच्या साच्यालाच, लागतो. भोकाभोवती दहा-बारा मिलिमीटर कोरं सोडलं, तर भोक किंचित सरकलं तरी अक्षर कापलं जात नाही.

जुन्या रेकॉर्डी पुन्हा निघतात तेव्हा फिल्म बहुधा हरवलेल्या असतात आणि छापील कव्हरच स्कॅन करावं लागतं. आधीचे डॉट आणि नव्या छपाईचे डॉट एकमेकांत अडकून जाळी उमटते. ती घालवायला स्कॅन दुप्पट रिझोल्यूशनला, कव्हर पंधरा-वीस अंश तिरकं ठेवून घ्यायचं, धूसर करून लहान करायचं, मग कडा पुन्हा तीक्ष्ण करायच्या. काळा स्कॅनमधून घेऊच नये. त्यात चाळीस वर्षांचे ओरखडे आणि तबकडीच्या दाबाचं ते वर्तुळही आलेलं असतं. सलग काळा नव्याने भरायचा आणि अक्षरं पुन्हा लावायची. फाँट तोच मिळाला तरी अक्षरांमधलं अंतर तेव्हा ब्लेडने कापून बसवलेलं होतं, ते जोडीजोडीने मोजून घ्यावं लागतं.